मुंजाजीची भुवई

या सदरातले अनुभव मी न चुकता वाचतो, आणि बहुतेक वेळा लेखकाच्या आधी मला स्पष्टीकरण सापडतं. पांढरी आकृती म्हणजे दोरीवर विसरलेलं धोतर असतं, आणि हाका मारणारा आवाज म्हणजे शेजारचा म्हातारा. त्यातून माझा धंदा फोटोग्राफीचा. जे नाही ते लोकांना दाखवायचं आणि जे आहे ते झाकायचं, हे काम मी पोटासाठी केलं. अशा माणसाने चमत्कारावर विश्वास ठेवायचा म्हणजे अवघडच. मी कधी ठेवला नाही... आजही ठेवत नाही. तरी हे लिहितोय, कारण एक भुवई मला स्वस्थ बसू देत नाही.

दुष्काळ संपून दुसरा उन्हाळा चालू होता. मानवतला मोंढ्याकडे, म्हणजे कापसाच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत बसायला एक बाक आणि भिंतीवर काश्मीरचा रंगवलेला पडदा — बर्फाचे डोंगर, तळं, होडी. बाहेर रस्त्यावर डांबर वितळायचं आणि आत लोक बर्फासमोर घाम पुसत उभे राहायचे. मागच्या खिडकीपाशी माझं रिटचिंगचं डेस्क होतं. डेस्क म्हणजे उतरती लाकडी चौकट, मध्ये दुधी काच, खाली आरसा. खिडकीचा उजेड आरशावरून वर यायचा आणि काचेवर ठेवलेली निगेटिव्ह उजळायची.

हे काम आता कुणाला माहीत नसेल, म्हणून दोन ओळी. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरचा काळा डाग तिथे पारदर्शक दिसतो. सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने तो भरला की छापलेल्या फोटोत डाग गायब. उलट, जे फोटोत पांढरं आलंय ते घालवायचं असेल तर निगेटिव्हवर बारीक चाकूने खरवडायचं. एवढंच शास्त्र. कला पुढे आहे. डाग सलग भरला तर कातडी भिंतीला गिलावा केल्यासारखी दिसते. म्हणून पेन्सिल फिरवायची नाही, टेकवायची. बारीक बारीक स्वल्पविराम काढत जायचं, मधेमधे जागा सोडायची. कातडीला रंध्रं असतात, लव असते. ती राहिली तर माणूस राहतो. आमच्याकडच्या बऱ्याच मंडळींना मात्र माणूस नको असायचा. त्यांना कॅलेंडरावरच्या देवासारखं तुकतुकीत तोंड हवं असायचं. निवडणुकीला उभा राहणारा प्रत्येक जण माझ्या डेस्कवर येऊन दहा वर्षांनी लहान झालेला आहे.

तर एका दुपारी पेडगावकडच्या एका खेड्यातून बापूराव आले. पांढरी टोपी, पांढरे बूट, आणि आवाज सदैव मागच्या रांगेपर्यंत पोचेल असा. त्यांच्यामागे त्यांच्या पुतण्याची बायको होती, द्वारका. वीस-बावीसची असेल. हिरव्या बांगड्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती बाकावर टेकली नाही, दाराशी उभी राहिली.

“फोटोग्राफर,” बापूराव म्हणाले, “आमचा मुंजाजी गेला. त्याचा मोठा फोटो पायजे. शाळेच्या नव्या खोलीला त्याचं नाव देतोय. सभापतींच्या हस्ते अनावरण हाय.”

मी दोन शब्द बोललो, जे अशा वेळी बोलतात. तेवढ्यात दारातून आवाज आला.

“गेले न्हाईत. कामाला गेलेत.”

“तू गप,” बापूराव मागे न बघता म्हणाले.

हकीकत अशी होती. मुंजाजी दुष्काळात टोळीबरोबर बिहारकडे रेल्वेच्या कामाला गेला होता. टोळीतला एक जण परत आला आणि म्हणाला, तिकडे रोगराई लय झालीय, माणसं पटापट मरायलीत, मुंजा मागं राहिला. ‘मागं राहिला’ याचा बापूरावांनी लावायचा तो अर्थ लावला. पुतण्याच्या वाट्याच्या रानावर त्यांचा डोळा आहे असं लोक म्हणायचे. मला तसं वाटलं नाही. त्यांना समारंभ हवा होता. त्यासाठी कुणीतरी कैलासवासी होणं गरजेचं होतं, आणि घरात दुसरं कुणी तयार नव्हतं.

पण फोटोला हार पडला की द्वारकाच्या कपाळावरचं कुंकू पुसलं जाणार, बांगड्या फुटणार, हे तिघांनाही ठाऊक होतं.

मुंजाजीचा एकच फोटो होता, त्यांच्या लग्नातला. दोघं शेजारी उभे, चेहरे नखाएवढे. नवरदेवाच्या कपाळाला मुंडावळ्या, त्यांच्या मोत्यांच्या सरी दोन्ही गालांवर लोंबत होत्या.

“ही बाई काढून टाका,” बापूराव म्हणाले, म्हणजे फोटोतली. “मुंडावळ्याबी काढा. मेल्या माणसाला मुंडावळ्या बऱ्या दिसत न्हाईत.”

“मुंडावळ्यांखाली गाल कसे आहेत मला दिसत नाहीत,” मी म्हणालो. “काही डाग, तीळ?”

त्यासाठीच त्यांनी तिला आणलं होतं. त्यांना स्वतःला पुतण्याच्या तोंडातलं काही आठवत नव्हतं.

“काईच न्हाई,” द्वारका म्हणाली. “गोटीवानी तोंड हाय त्यांचं.” मग जरा थांबून, “उजवी भुवई लांब हाय. कानाकडं पळायलीय जणू. मी चिडवायचे त्यांना.”

मी लग्नाच्या फोटोवरून नवी निगेटिव्ह काढली. मुंडावळ्यांच्या सरी चाकूने खरवडल्या आणि तिथे पेन्सिलीने गाल तयार केले. थोडक्यात, मुंजाजीच्या गालांची कातडी माझी होती. काम बरं झालं. नमुन्याचा छोटा फोटो पाठवला, बापूरावांनी तो पसंत केला, मोठा करायला सांगितलं.

मोठा छापला, तर उजव्या गालावर ठिपके.

पहिल्यांदा मी चाकूला दोष दिला. खरवडलेली जागा पेन्सिल नीट धरत नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. पेन्सिल बसावी म्हणून निगेटिव्हवर एक लेप देतात, तो उकाड्याने पाझरला असेल. मी ठिपके भरले. दुसऱ्या दिवशी भिंग लावून पाहिलं, तर भरलेले ठिपके मोकळे, आणि शेजारी नवे. निगेटिव्ह धुण्याचं पाणी गरम होतं म्हणावं, तर गरम पाण्याने चिरफळते ती सगळी निगेटिव्ह. एकाच गालापुरतं पाणी गरम नसतं. मी ती निगेटिव्ह बाजूला ठेवली आणि लग्नाच्या फोटोवरून दुसरी काढली. या वेळी खरवडणं अगदी हलक्या हाताने, लेप नवा. एक दिवस ती स्वच्छ राहिली. मी खूश होऊन शीळ घातल्याचंही आठवतं.

नंतर त्या निगेटिव्हवर ठिपके आले. पहिलीवर जिथे थांबले होते, तिथून पुढे.

लग्नाच्या मूळ फोटोवर काही नव्हतं. तो मी भिंगाखाली इतक्यांदा पाहिला की नवरीच्या नथीतले मोती मला पाठ झाले.

मला राग आला होता, भीती नव्हे. भीती वाटायला आधी काहीतरी मानावं लागतं. पण माझं जेवणात लक्ष लागेना. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना मी मध्येच उठून मागे जाऊन डेस्कवर वाकून यायचो. एका जमादारांना मी दोनदा ‘हलू नका’ सांगून तसाच सोडून गेलो. ते बिचारे हलले नाहीत.

बाजाराच्या दिवशी द्वारका एकटीच आली. तिखट-मिठाच्या निमित्ताने गावातल्या बायांबरोबर मोटारीने आली होती. मी तिला काही सांगणार नव्हतो. पण तिने फोटो बघायला मागितला, आणि दाखवण्यासारखा ठिपक्यांशिवाय दुसरा माझ्याकडे नव्हता.

तिने तो दोन्ही हातांत धरून खिडकीकडे नेला. रडेल असं वाटलं होतं. तिच्या तोंडावर मात्र हळूहळू उजेड पडला, आणि तितक्याच हळूहळू उतरला.

“भाऊ, हे तुमी काढलं?”

“नाही. निगेटिव्ह खराब होतेय. मी दुरुस्त—”

“देवी हायेत ह्या,” ती म्हणाली. “माझ्या भावाला आल्या होत्या. अशाच एका अंगानं चढल्या.” मग माझ्याकडे वळून, जणू मीच डॉक्टर, “कवापसून वाढायलंय?”

मी सांगितलं. तिला स्पष्टीकरणंही सांगितली — चाकू, लेप, उकाडा. ती सगळं ऐकून घेत होती, पण बघत होती फोटोकडे.

“वर चाललंय. डोळ्याकडं.” तिचं बोट ठिपक्यांच्या कडेवर होतं. “माझ्या भावाचा डोळा गेला, भाऊ. तुमाला भरता येतंय ना हे? भरा की.”

“अहो, भरलं तरी परत मोकळं होतंय.”

“मग परत भरा!”

मी म्हणालो, बाई, ही निगेटिव्ह आहे, माणूस नाही. ती म्हणाली, “तुमचा इस्वास न्हाई ना? मग भरायला काय जातंय तुमचं?”

मी डेस्कवर बसलो. तिने पदरातून कडुलिंबाची डहाळी काढून निगेटिव्हच्या उशाशी ठेवली. ती बहुधा रस्त्यातच तोडली असावी. मी ती राहू दिली. माश्या येत नाहीत त्याने. मी सवयीने चाकू हातात घेतला तर तिने एकदम माझा हात धरला.

“लोखंड लावू नका! घरात देवी असल्यावर इळीसुदिक लावत न्हाईत.”

चाकू ठेवला. पेन्सिल घेतली. गालापासून सुरुवात केली, माझ्या पद्धतीने, एकेक स्वल्पविराम टेकवत. ती मागे उभी राहून बघत होती.

“गाल गेला तर जाऊ द्या,” ती म्हणाली. “डोळा राखा.”

बाहेर वारा सुटला. उन्हाळ्यात आमच्याकडे येते तशी धुळीची वावटळ मोंढ्यावरून आली, आणि भरदुपारी खिडकी तपकिरी झाली. आरशातला उजेड खाली खाली जायला लागला. कापसाचे झुपके काचेवर आपटत होते. भिंगातून मला दिसत होतं... किंवा उजेड कमी झाल्यामुळे दिसल्यासारखं वाटत होतं... की खालच्या पापणीशी एक ठिपका मोकळा होतोय. तो भरला तर शेजारी दुसरा. तेव्हा मी पद्धत-बिद्धत सोडली. जागा सोडणं नाही, रंध्रं नाहीत. डोळ्याभोवती सलग पेन्सिल घासत सुटलो. गिलावा केला. हात घामाने ओला होता, एकदा घसरला आणि भुवईच्या टोकावरून गेला. ती लांब, कानाकडे पळणारी भुवई निम्म्यात बुजली. मी थांबलो नाही.

वावटळ गेली, उजेड आला. मी भिंग लावलं. गालावरचे ठिपके तसेच होते. डोळ्याभोवतीचं काम टिकलं होतं. इतकं वाईट रिटचिंग मी शिकाऊ असतानाही केलं नव्हतं.

“आता राहतंय,” द्वारका म्हणाली, आणि पहिल्यांदा बाकावर बसली. “चार रोज झाले, घरात फोडणी दिली न्हाई मी. सासूबाई शिव्या घालायलीय, कुणाला काय झालंय म्हणून बिनफोडणीचं खाऊ घालायलीस? मलाबी ठावं नव्हतं. हातच होत न्हवता.”

देवी आलेल्या घरात फोडणी देत नाहीत. हे तिने फोटो बघण्याच्या आधीचं सांगितलं, एवढं नोंदवून पुढे जातो.

ती निगेटिव्ह पुन्हा बदलली नाही. समारंभासाठी मी ती जशी होती तशी छापली, फ्रेम केली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि स्वतः गावी घेऊन गेलो, कारण समारंभाचे फोटो काढायचं कामही माझ्याकडेच होतं. बापूराव मांडवाच्या झालरीत गुंतले होते. फ्रेम उघडून बघायला त्यांना सवड झाली नाही. सरळ खिळ्याला लावून वर रेशमी पडदा सोडला.

सभापती बोलले. ते मुंजाजीला कधी भेटले नव्हते, त्यामुळे त्यांना अडचण नव्हती. “असा तेजस्वी, असा निष्कलंक चेहरा,” असं म्हणून त्यांनी दोरी ओढली.

मांडवात कुजबुज झाली. पुढच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, “हा कोण म्हणावं?”

बापूराव माझ्याकडे धावले. आवाज बारीक करायची त्यांना सवय नव्हती आणि हातात माइक होता. “कुणाचा फोटो आणला रे? आमच्या मुंजाला देवी कवा आल्त्या?”

सगळ्या गावाने ते ऐकलं. बायांच्या बाजूला द्वारका उभी राहिली. तिच्या दोन्ही अंगांना दोन विधवा बसवलेल्या होत्या. त्या कशासाठी होत्या हे सांगायला नको.

“आल्या नव्हत्या, मामंजी. आत्ता आल्यात.” तिचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. “मेल्या माणसाच्या तोंडावर नवे वण उठतेत का? सांगा की. इतकी शिकलेली माणसं बसलीत, कुणी बी सांगा.”

शिकलेली माणसं झालरीकडे बघत होती. आणि मग जे झालं ते माझ्या कुठल्याच हिशोबात नव्हतं. त्या दोन विधवांमधली थोरली उठली, पुढे आली, आणि तिने फोटोला हात जोडले. मुंजाजीला नव्हे, देवीला. तिच्यामागून आणखी म्हाताऱ्या उठल्या. ज्याच्या अंगावर देवी आहे त्याला मेला म्हणायचं नाही, हार घालायचा नाही. तेवढं गावात शेंबड्या पोरालाही कळतं, बापूरावांनाही कळलं. त्यांनी हार हातात धरून इकडेतिकडे पाहिलं आणि वाया जाऊ नये म्हणून सभापतींच्या गळ्यात घातला. मी त्याचा फोटो काढला. चांगला आला.

द्वारकाचं कुंकू राहिलं.

पुढच्या वर्षी, संक्रांत होऊन गेल्यावर, दोघं स्टुडिओत आले. मुंजाजी बिहारमध्ये कुठल्याशा पत्र्याच्या शेडमध्ये पडून होता, बरा झाला तर तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून तिकडेच काम करत राहिला. गाल खड्ड्याखड्ड्यांचे झाले होते. दोन्ही डोळे शाबूत होते.

यात काही नवल नाही असं मी स्वतःला बजावलं. साथ होती, त्याला ती झाली, वण राहिले. माझे ठिपके म्हणजे चाकूची करामत, आणि उरलेला योगायोग. मी त्यांना काश्मीरसमोर उभं केलं, मोठे दिवे लावले. दिव्यांची धग अशी की थोड्याच वेळात त्याच्या कपाळावर, नाकावर, गालाच्या खड्ड्यांत घामाचे थेंब जमले. हनुवटी जरा वर करावी म्हणून मी जवळ गेलो.

उजव्या डोळ्याभोवती घाम नव्हता. तिथली कातडी कोरडी, सपाट, एकरंगी. रंध्रं नाहीत, लव नाही. तो हसला तेव्हा सगळ्या तोंडावर सुरकुत्या पडल्या, तेवढ्या जागी पडल्या नाहीत. आणि भुवई निम्म्यात थांबली होती.

“तिथं घामच येत न्हाई,” मुंजाजी म्हणाला. मी टक लावून बघतोय हे त्याला जाणवलं असावं. “दुखण्यापसून. दागदर म्हनला, डोळा जाईल. एक दिवस दुपारी नुसतं टोचायलं तिथं, बारीक बारीक. मग थांबलं.”

मी कॅमेऱ्यामागे गेलो आणि काळं कापड डोक्यावर घेतलं. गरजेपेक्षा जरा जास्त वेळ तिथे राहिलो.

तो फोटो मी एकही रेघ न मारता छापून दिला. द्वारकाला आवडला, पण ती जाता जाता डेस्कपाशी थांबली. मुंजाजीची ती जुनी निगेटिव्ह मी काढून काचेवर ठेवली होती.

“भाऊ, एक काम करा की. तेवढी भुवई पुरी करून द्या.”

चेष्टेत म्हणाली की खरंच, मला कळलं नाही. भुवई वाढवणं म्हणजे चाकूच्या टोकाचं, दोन मिनिटांचं काम. मी चाकू हातात घेतलाही... आणि ठेवला.

डेस्क मी पुढे विकलं. ती निगेटिव्ह अजून माझ्याकडे आहे, भुवई अजून निम्मीच आहे. इतक्या वर्षांत कितीदा तरी वाटलं, करून टाकावं, बघावं काय होतं ते. ती अर्धी भुवई कुठून आली याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. पण त्याहून मला बेचैन करतं ते दुसरंच. ज्या गोष्टीवर माझा काडीचा विश्वास नाही, तिच्यापायी मी चाकू का लावला नाही, याचंही स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.